घोडा थोडासा तरी मासा आहे का?

नागपूरचे सर, जपानमधल्या निशी-कसाईच्या ताई आणि म्हापशाची माझी मैत्रीण,

तुम्हा तिघांना मी प्रत्यक्ष कधी भेटलेले नाही. तिघांनी एका रात्रीत माझी लाज राखलीत, म्हणून हे पत्र. फोनवर अंगठा दाखवून भागण्यातलं हे काम नव्हतं.

सांगलीत दहावीच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेत मला अठरा वर्षं झाली. वाक्यातली तुलनेची डिग्री बदलायचे प्रश्न म्हणजे माझ्या हातचा मळ. ‘मुंबई इज द बिगेस्ट सिटी इन महाराष्ट्र’ म्हटलं की पोरं झोपेतसुद्धा ‘नो अदर सिटी इन महाराष्ट्र इज ॲज बिग ॲज मुंबई’ म्हणतात. मग एका मंगळवारी मागच्या सतरंजीवरच्या एकाने मोठ्या भावाच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातलं एक वाक्य आणलं. ‘अ व्हेल इज नो मोअर अ फिश दॅन अ हॉर्स इज.’

मी वाचलं आणि ठोकून दिलं, “घोड्यापेक्षा देवमासा जास्त मासा नाही.”

“म्हणजे बाई, घोडा थोडासा तरी मासा आहे का?”

अख्खा वर्ग हसला. मीही हसले, पण पोटात गोळा आला होता. त्यात आपल्या मराठीने त्या प्राण्याच्या नावातच ‘मासा’ घालून ठेवलाय. “उद्या सांगते,” म्हणून वेळ मारून नेली आणि रात्री फोनवर तुमच्यासमोर पदर पसरला.

सर, तुमचा तो चार मिनिटांचा आवाजी निरोप मी तीनदा ऐकला. “काहून घाबरता? ‘नो’ला ‘नाही’ म्हणूच नका. ‘नो’ला शून्य म्हणा.” तिथेच गाठ सुटली. मी ‘नो मोअर’ला ‘नॉट मोअर’ समजून बसले होते. ‘नो’ इथे फरक मोजतो, आणि फरक शून्य. तराजूच्या एका पारड्यात घोड्याचं मासेपण, दुसऱ्यात देवमाशाचं. दांडी सरळ. आता घोड्याचं पारडं रिकामं आहे हे शेंबडं पोरही सांगेल, मग दुसऱ्या पारड्यात तरी काय असणार? घोडा जितका मासा, तितकाच देवमासा मासा. म्हणजे दोघेही अजिबात नाहीत.

आणि तुमचं ते लग्नाच्या पंगतीचं उदाहरण! कार्यालयवाल्याने ‘नॉट मोअर दॅन फिफ्टी’ लिहिलं तर पन्नासच्या वर माणूस नको, चाळीस आले तरी त्याची हरकत नाही. पण ‘नो मोअर दॅन फिफ्टी’ आले म्हणजे जेमतेम पन्नास, नि सांगणाऱ्याचा चेहरा पडलेला. ‘नो लेस दॅन फाइव्ह हंड्रेड’ म्हणजे तब्बल पाचशे, नि आचारी धावपळीत. ‘जेमतेम’ आणि ‘तब्बल’ हे शब्द मी रोज वापरते. इंग्रजीतल्या त्या चिमुकल्या ‘नो’मध्ये ते दडलेत हे मला अठरा वर्षांत दिसलं नव्हतं.

ताई, तुम्ही तर कमालच केलीत. जपानमध्ये हे वाक्य शाळकरी मुलांच्या इतकं डोक्यात बसलंय की त्याला नावच आहे, ‘कुजिरा नो कोबुन’, देवमाशाची वाक्यरचना, हे मला कोण सांगणार होतं? मी रडकुंडीला आले होते आणि तिकडे तुमची लेक म्हणतेय, “आई, हे तर आमचंच वाक्य!” तिच्या वहीच्या पानाचा फोटो तुम्ही तिथल्या मध्यरात्री उठून पाठवलात. एकीकडे घोडा, एकीकडे देवमासा, दोघांच्या डोक्यावर एकेक मोठं शून्य. घोड्याचे पाय जरा कुत्र्यासारखे झालेत, पण अर्थ चोख.

आणि तू गं, म्हापसेकरीण! तू माझी चूक पकडलीस ती मी विचारलेलीसुद्धा नव्हती. ‘एनी’नंतर ‘अदर’ हवंच, नाहीतर मुंबई स्वतःपेक्षाच मोठी ठरते, हे मी पोरांना इतकं घोटून घेतलंय की हात थांबतच नाही. त्याच रात्री मी ऐटीत उदाहरण टाकलं, ‘मुंबई इज बिगर दॅन एनी अदर सिटी इन गोवा’. तुझं एका ओळीचं उत्तर आलं: “मुंबई गोव्यात कधी आणलीस? आम्हाला कळवायचं तरी.” खरंच की! मुंबई त्या गटातच नाही, तर ‘अदर’ कशाला? जुन्या वह्या चाळल्या. हे ‘अदर’ नसलेलं एक बरोबर वाक्य मी लाल पेनाने खोडलेलं सापडलं. ती मुलगी आता इंजिनिअर आहे. तिला मेसेज करून माफी मागितली. तिला काही आठवत नव्हतं.

सर, अजून एक टोचणी तुमच्यामुळे लागली. ‘मोअर बेटर’ लिहिणाऱ्यांना मी फार हिणवायचे. तुम्ही सहज म्हणालात, ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतलं ते शेवटचं ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतलं ‘एस्ट’ एकाच घराण्यातलं. संस्कृतातलं ‘स्वादिष्ठ’ आणि इंग्रजांचं ‘स्वीटेस्ट’ तर सख्खी भावंडं. म्हणजे ‘श्रेष्ठ’ हाच मुळात सगळ्यांत वरचा, आणि आपण त्याच्या डोक्यावर आणखी ‘सर्व’ ठेवून ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो. आता ‘मोअर बेटर’ दिसलं की खोडते, पण मुकाट्याने.

बुधवारी वर्गात किराणावाल्याकडून मागून आणलेला तराजू ठेवला. दोन्ही पारडी रिकामी. वाक्य फळ्यावर. सांगून झाल्यावर म्हटलं, आता प्रत्येकाने एकेक वाक्य करा. ज्याने प्रश्न विचारला होता, त्याने लिहिलं: ‘माय ब्रदर इज नो मोअर अ सिंगर दॅन अवर बफेलो इज.’ व्याकरण शंभर नंबरी. भावाला दाखवू नकोस, एवढंच बजावलं.

ताई, लेकीच्या त्या पानाची झेरॉक्स काढून फळ्याशेजारी चिकटवली आहे. पोरांनी घोड्याला पेनने शेपूट वाढवलंय, तेवढं तिला सांगू नका.

तुमची,
सांगलीची शिकवणीवाली बाई