आणे-पावाच्या रेघांना कोशात जागा हवीच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातले टिपण वाचले. पूर्ण वस्तूचे सोळा आणे धरून तिचा हिस्सा दाखवणाऱ्या आणे-पावाच्या उभ्या-आडव्या रेघा आता कोणी लिहीत नाही, म्हणून विश्वकोशात त्यांची स्वतंत्र नोंद नको, हे म्हणणे मुळीच पटले नाही. लिहीत नाही हे खरे. पण वाचाव्या लागतात, आणि वाचताना चुकले की वावर जाते.

आठ एकरांचे वावर आहे आणि वाटणीपत्रात एका भावाचा हिस्सा ‘।=’ असा मांडला आहे. उभी रेघ चार आण्यांची, आडवी एका आण्याची. म्हणजे सोळा आण्यांपैकी सहा, तीन एकर. कागद घडीवर विरला, किंवा नक्कल करणाऱ्याने आडव्या रेघा फालतू समजून सोडल्या, की उरतात चार आणे, म्हणजे दोन एकर. दुसरी चूक उभ्या रेघेची. घाईच्या अक्षरात तिला वर जराशी गाठ पडली की ती एकासारखी दिसते, आणि ‘३॥ मण’चे, म्हणजे साडेतीन मणाचे, ‘३११ मण’ होते. एका कचेरीतून मिळालेल्या नकलेत सव्वा एकराचे, म्हणजे ‘१।’चे, चक्क ‘११’ एकर झाले आहेत. दुरुस्तीचा अर्ज दिला तर या खुणांना छापील आधार दाखवा म्हणतात. आता टिपणकारांनीच सांगावे, आधार कुठून आणायचा?

यात गणित ते काय, असेही टिपणात विचारले आहे. १॥= आणि २।= या रुपयांची बेरीज करून पाहा. आडव्या दोन आणि दोन, चार झाल्या. त्यांची एक उभी. उभ्या दोन, एक आणि हातची एक, पुन्हा चार. त्यांचा एक रुपया. उत्तर रुपये ४. कोणत्याच घरात तीनपेक्षा जास्त रेघा राहत नाहीत, चौथी आली की वरच्या घरात जाते. ही सरळसरळ चाराच्या पायावरची स्थानमूल्य पद्धत आहे. मधले घर रिकामे असल्याचे दाखवायलाही वेगळी खूण होती. हीच बेरीज दशांशात १.६२५ अधिक २.३७५ अशी मांडावी लागते.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधीचे दस्त काही त्या दिवशी रद्द झाले नाहीत. संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक ठरवून देणाऱ्या युनिकोडने २००९मध्ये या प्रकारच्या खुणांना दहा सांकेतांक दिले. त्यांना त्या नोंदण्याजोग्या वाटल्या, आपल्याला नाही!

नोंद करताना एक आण्यापासून सोळा आण्यांपर्यंतचा तक्ता द्यावा, आण्याची रेघ कुठे आडवी तर कुठे तिरपी काढत तेही दाखवावे, आणि नकलेत होणाऱ्या चुका उदाहरणांसह छापाव्यात.



आपला,
एक दस्तलेखक, ता. दर्यापूर, जि. अमरावती