मॅराडोना आणि लेबल नसलेला डबा

ओहोटी लागली की वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मुले फुटबॉल खेळतात. माझा पुतण्याही. परवा त्याच्या पिशवीत लेबल नसलेला पावडरीचा डबा सापडला. व्यायामशाळेत कुणी तरी दिला म्हणे. मला १९९४ चा फुटबॉल विश्वचषक आठवला. नायजेरियाविरुद्धच्या सामन्यानंतर अर्जेंटिनाच्या मॅराडोनाच्या चाचणीत इफेड्रिन हे बंदी असलेले उत्तेजक सापडले. १९९१ मध्ये कोकेनमुळे १५ महिन्यांची बंदी भोगलेलीच होती, पुन्हा तेवढीच बसली. अर्जेंटिनासाठी तो परत कधी खेळला नाही. केवढा खेळाडू! इफेड्रिन सर्दीच्या काही औषधांतही असते, आणि नकळत घेतले तरी दोष खेळाडूचाच धरतात. प्रशिक्षकांनी आणि औषध दुकानदारांनी हे मुलांना समोर बसवून सांगावे. पुतण्याचा डबा मी काढून घेतला आहे. इतरांच्या पिशव्या त्यांच्या घरच्यांनी आजच बघाव्यात.

– एक वाचक, वेंगुर्ले