बिनसाखरेचा चहा

जयगड, १८ जुलै

प्रिय सुऱ्या,

परवा फोनवर आवाज खाली घेऊन विचारलंस, "तब्येत... बरी ना रे?" जसा काही माझ्या दहाव्यालाच आलायस! म्हणून हे पत्र.

मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत, त्यामुळे पडवीत जाळी शिवत बसलोय. मागच्या आठवड्यात रत्नागिरीच्या सिव्हिलला जाऊन आलो. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात एचआयव्ही किती ते, यंदाही 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. म्हणजे मशीनला विषाणू सापडलाच नाही. गेलेला नाही हं, दडून बसलाय. गोळ्या सोडल्या की डोकं वर काढणार. पण असा दाबून ठेवलाय तोवर सुमनला माझ्यापासून लागण होत नाही. तिची तपासणी दर वेळी निगेटिव्ह.

२०११ आठवतं? सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, खाली घसरल्याशिवाय गोळ्या सुरू करत नसत. मग सकाळ-संध्याकाळ गोळ्या, त्यात रक्त कमी होऊन मी जिन्यावर बसायचो. २०१७ पासून निदान झालं की लगेच औषध, आणि आता रात्री एकच गोळी, तीही फुकट. तुझ्या बीपीच्या गोळीसारखीच रे. उलट तुझं मीठ तोडलं, माझा सुका बांगडा चालू आहे.

पथ्य म्हणशील तर वेळेचं. मध्ये जळजळीचं पातळ औषध गोळीबरोबरच ढोसत होतो, तर समुपदेशक ताई ओरडल्या: गोळी आधी घ्या, ते दोन तासांनी. नाहीतर गोळी अंगी लागत नाही. बाकी वर्षाकाठी किडनीची तपासणी, आणि खोकला रेंगाळला की टीबीची.

खरी पंचाईत बोटीवर. आठ-आठ रात्री समुद्रात, केबिनमध्ये सहा जण आणि गोळ्यांची बाटली खुळखुळणार. एकाने विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "शुगरची आहे." झालं! बोटीवर रांधणाऱ्या भंडाऱ्याने अख्खा हंगाम मला बिनसाखरेचा चहा पाजला. कोळंबीएवढं खोटं आणि आठ महिने कडू तोंड.

मे महिन्यात शेवटच्या फेरीला बोट चालवणाऱ्या तांडेलाला खरं सांगितलं. तो बराच वेळ सुकाणूच धरून होता. मग म्हणाला, "मग शुगर नाय ना तुला?" आणि भंडाऱ्याला हाक मारली.

गणपतीला येताना पाणी न शिरणारी एक छोटी पिशवी आण, बाटली मावेल अशी. इथे मिळते ती दोन फेऱ्यांत फाटते.

तुझा,
दत्ता