हृदयविकारावर संशोधन करू पाहणाऱ्या मुलांसाठी फेलोशिप : आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्या घरांतली जी मुलंमुली बायोकेमिस्ट्री किंवा फार्मसी शिकून हृदयविकारावर संशोधन करू पाहतात, त्यांच्या पालकांनी ही सूचना जरूर वाचावी. संशोधन म्हणजे तिशीपर्यंत घरून पैसे, हा समज आधी काढून टाका. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली, की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि सीनियर झाल्यावर ४२,०००. घरभाडं भत्ता वेगळा. आयसीएमआरचीही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) स्वतंत्र जेआरएफ आहे.

गेल्या वर्षी आपल्याच एका मुलीचा परदेशी फेलोशिपचा अर्ज राहिला, कारण गाइडचं शिफारसपत्र वेळेत आलं नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर किती नेटका प्रस्ताव होता तिचा! हळहळ अजून जात नाही. म्हणून पत्र महिनाभर आधी मागा, आणि संकोच न करता पुन्हा आठवण करा.

विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे. हृदयविकाराच्या झटक्यावरच्या ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला. आणि शिष्यवृत्तीचं म्हणाल, तर सयाजीराव महाराजांनी १९१३ साली तरुण आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, ते याच बडोद्यातून. मुलांनी मागायला लाजू नये.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता दांडिया बाजारात, मंडळाच्या कार्यालयात अर्ज तपासून देऊ. गुणपत्रिका आणि प्रस्तावाचं एक पान, कच्चं असलं तरी चालेल, सोबत आणावं.

– कार्यवाह