फोटोत तू कमी दिसलीस तरी चालेल

प्रिय मुक्ता,

तुझ्या फर्निचरच्या कामाच्या प्रसिद्धीसाठी तू काढून घेतलेले फोटो पाहिले. इस्त्रीचा शर्ट, हाताची घडी, मागे धूसर भिंत. छान आलेत. त्यातला दुसरा प्रोफाइलला लाव. छोट्याशा गोलातही चेहरा ओळखू येतो आणि तिथे तेवढंच पुरतं. पण असेच आणखी वीस फोटो काढून घ्यायचा तुझा विचार आहे, तो सोड. हे फोटो बघून तू वकील आहेस, बँकेत आहेस की लाकडी फर्निचर बनवतेस, कुणाला काही कळणार नाही.

जनसंपर्काच्या नोकरीत माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे मी जरा लांबण लावणार आहे. सोसून घे.

फ्रेडरिक डग्लस हे नाव तू ऐकलं असशील. 1838 मध्ये गुलामगिरीतून निसटले आणि पुढे तिच्याविरुद्ध आयुष्यभर बोलत, लिहीत राहिले. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत सर्वांत जास्त फोटो काढले गेलेली व्यक्ती म्हणून अभ्यासक त्यांच्याकडे बोट दाखवतात. 160 च्या वर फोटो सापडलेत, लिंकनपेक्षाही जास्त. ते नुसते हौशी नव्हते. फोटोग्राफीवर त्यांनी व्याख्यानं दिली आहेत. त्यांचे फोटो एकदा ओळीने बघ. नीटनेटका कोट, ताठ मान, करारी नजर, आणि हसू जवळजवळ कुठेच नाही. त्या काळच्या व्यंगचित्रांत गुलाम खुशीत दात काढून हसताना दाखवायचे. लोकांच्या डोक्यात बसलेलं ते खोटं चित्र डग्लसना पक्कं ठाऊक होतं आणि दशकानुदशकं प्रत्येक फोटोतून ते त्यालाच उत्तर देत राहिले. आज लोक ज्याला पर्सनल ब्रँडिंग म्हणून शिकवतात, त्यात मला याहून मोलाचं काही सापडलेलं नाही.

आता तुझ्याबद्दल लोकांच्या डोक्यात काय आहे? मुलगी कागदावर डिझाइन काढत असेल, करवत दुसरंच कुणी चालवत असेल. मला स्वतःला हे किती जणांनी विचारलंय! मग त्यालाच उत्तर दे. रंधा मारणारे तुझे हात दाखव. खिळा न मारता सांधा कसा बसतो ते दाखव. एखादी फळी तू का नाकारलीस, हे गाठीवर बोट ठेवून सांग. त्यात तुझा चेहरा दिसला नाही तरी बिघडत नाही. आणि केस विंचरायला थांबू नकोस, भुसा असू दे.

व्हिडिओ उभा घे. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं अक्षरांतही दिसू दे. इतकं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मजकुराचा मात्र तू कंटाळा करतेस. नुसतं ‘नवीन टेबल’ लिहून काय उपयोग? लाकूड कुठलं, मापं काय, पॉलिश कुठलं, किती वेळ लागला, हे लिही; शोधणारा माणूस शब्दांनीच शोधतो. पिंटरेस्टवर तर लोक मुळात काहीतरी शोधायलाच येतात, तिथे जुना फोटोही महिन्यांनी कुणाच्या तरी हाती लागतो. इन्स्टाग्रामवर तो दोनचार दिवसांत मागे पडतो. दोन्हीकडे तेच टाकलंस तरी अपेक्षा वेगळ्या ठेव.

लाइकच्या आकड्याने हुरळू नकोस. 2016 च्या डिसेंबरात नामवंत मॉडेल्सनी इन्स्टाग्रामवर एक नारिंगी चौकोन टाकला आणि एका बेटावर भरणाऱ्या फायर फेस्टिव्हल या संगीत महोत्सवाचा गवगवा झाला. पैसे घेऊन टाकतोय, हे अनेकींनी सांगितलं नव्हतं. 2017 मध्ये लोक त्या बेटावर पोचले तेव्हा आलिशान निवासांऐवजी तंबू होते, आणि जगभर फिरला तो डब्यातल्या ब्रेड-चीजचा फोटो. आयोजकाला पुढे फसवणुकीबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. तू काही फसवणार नाहीस, माहीत आहे. पण कॉम्प्युटरवर काढलेलं कपाट ‘तयार’ म्हणून टाकायचा मोह होतो, आणि हल्ली एआयने तर तो फारच सोपा केलाय. चित्र असेल तर चित्र म्हण. कुणी पॉलिशचा डबा फुकट दिला आणि तू तो दाखवलास, तर तसं सरळ लिही.

गिऱ्हाइकाच्या घरातले फोटो विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. लेखी हो घे. भिंतीवरच्या मुलांच्या तसबिरी, खिडकीबाहेरची खूण, फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलेलं ठिकाण, सगळं तपास. हे मी दहादा सांगेन.

कधीतरी तक्रार येईलच. 2009 मध्ये डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांनी पदार्थांशी किळसवाणे चाळे करतानाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रमुखांनी माफी मागितली ती यूट्यूबवरच, स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन. उशीर केला म्हणून टीका झाली, पण जागा बरोबर निवडली होती. कुणी तुझ्या फोटोखाली ‘ड्रॉवर अडकतो’ लिहिलं, तर ते पुसू नकोस. तिथेच उत्तर दे, जाऊन दुरुस्त कर, आणि त्याची हरकत नसेल तर दुरुस्तीही दाखव.

मूळ फोटो स्वतःकडे सांभाळ. सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं व्हाइन अ‍ॅप आठवतं? 2013 मध्ये आलं, 2017 च्या जानेवारीत बंद पडलं. त्यावरच विसंबलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून माणसं जमवावी लागली. शिवाय एखादा पत्रकार अचानक फोटो मागतो तेव्हा त्याला मोठ्या आकाराची फाइल लागते, इन्स्टाग्रामवरून उतरवलेली चालत नाही. सोबत वस्तूचं नाव, वर्ष आणि फोटो काढणाऱ्याचं श्रेय हवं. असा एक फोल्डर आत्ताच करून ठेव, मागितल्यावर पाच मिनिटांत पाठवता आला पाहिजे.

त्या गोल टेबलापासून सुरुवात कर. चार ओळी लिहून मला पाठव, शुद्धलेखन मी बघते.

तुझी,
आई