सरकार नको म्हणतोस, पण तुमच्या ॲपचं काय?

चि. अभि,

ग्रुपवर तू टाकलंस ना ते "टॅक्स म्हणजे चोरी, सरकार म्हणजे वर्दीतली टोळी", ते सगळ्यांनी वाचलं. काकानं अंगठा दिला, मावशीनं नेहमीप्रमाणं गुड मॉर्निंग टाकलं आणि तुझे पप्पा काहीच बोलले नाहीत. तिथं वाद नको म्हणून मी तुला वेगळं लिहायलेय, निम्मं बोलून टाईप केलंय त्यामुळं काना-मात्रा इकडंतिकडं झाली तर सांभाळून घे.

आणि पहिलंच सांगते, तू गप बस म्हणून हे लिहीत नाही, तुझ्या कंपनीच्या कर्जाच्या ॲपचंही शेवटी विचारायचंय. उलट तू ते हेडफोन लावून जे ऐकतोस त्यातलं निम्मं या घरात तू जन्मायच्या आधीपासनं बोललं जायचं. लिबर्टेरियन (सरकार कमीत कमी पाहिजे म्हणणारे) वगैरे नाव आम्हाला माहीत नव्हतं, आमच्याकडं छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा.

ती संघटना काढणारे शरद जोशी जन्मानं साताऱ्याचे, १९३५ चे. पोस्ट खात्यात मोठे अधिकारी, मग स्वित्झर्लंडला पोस्टाच्या जागतिक संस्थेत नोकरी, ती सोडून माघारी आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः कसली. वहीत खर्च मांडला आणि कळलं की पीक कितीही चांगलं आलं तरी तोटाच होतोय, कारण भाव वरनं पाडले जातायत. बाकीचे पुढारी गावात आले की कायतरी द्यायला यायचे, पंप, कर्ज, वीजबिल माफी, आणि हा माणूस म्हणायचा भीक नको, हवे घामाचे दाम. आमच्या वाटेतनं बाजूला व्हा एवढंच मागणं. बाजार मोकळा करा आणि तंत्रज्ञानही मोकळं करा, दोन्ही एका दमात. २००१ ला गुजरातेत बिनपरवान्याचं बीटी (जनुक बदललेलं, बोंडअळी मारणारं) कापसाचं बी शेतात सापडलं आणि सरकारनं उभं पीक नष्ट करायचा हुकूम काढला, तेव्हा ते त्या शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले, आणि मार्च २००२ मध्ये सरकारनंच बीटीला परवानगी दिली (पुढं बोंडअळी त्यालाही सरावली, ती गोष्ट वेगळी). २०१९ मध्ये अकोल्याकडं संघटनेच्या लोकांनी बंदी असलेलं एचटीबीटी (तणनाशक सोसणारं बीटी) बी उघड पेरलं, जाहीर करून, कॅमेऱ्यासमोर. तुमच्या ट्विटरवरच्या बंडखोरांनी असं काय केलंय ते मला सांग.

मी १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला गेले होते, बायकांच्या अधिवेशनाला, नवीन लग्न झालेलं, तुझ्या आजीबरोबर. एवढ्या बायका एका ठिकाणी मी परत कधी बघितल्या नाहीत. त्यानंतर काही वर्षांनी लक्ष्मीमुक्ती आली. नवऱ्यानं आपखुशीनं थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची, गावात शंभर घरांनी केलं की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. कायदा नाही, सक्ती नाही, अनुदान नाही. तुझे पप्पा वीस गुंठे माझ्या नावावर करायला गेले तर तलाठी पेन खाली ठेवून हळूच विचारतो, "घरात काही भांडण झालंय का हो? वहिनी माहेरी बसल्यात का?" त्याला पटेचना की कुणी न सांगता कोण असं करतंय. त्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे आणि ते कुठल्या मंत्र्याच्या मेहरबानीनं नाही, ते मला अजून बरं वाटतं.

तेव्हा सरकारची ताकद किती आणि कशी असते ते मला समजावू नकोस. आधी उसाला झोनबंदी होती. तुझा ऊस अमक्या कारखान्यालाच, शेजारचा जास्त भाव देत असला तरी तिकडं नेता येत नाही. ती गेली, तरी नवीन कारखाना काढायचा तर आपल्या राज्यात जुन्यापासून २५ किलोमीटर हवाई अंतर पाहिजे, म्हणजे जुन्याला स्पर्धा नको. २०२३ च्या सप्टेंबरात तर राज्याबाहेर ऊस न्यायलाच बंदी काढली होती, आपल्या सांगली जिल्ह्याला कर्नाटक लागून, अथणीकडं, कागवाडकडं ऊस जातोच, बोंबाबोंब झाली तसा थोड्याच दिवसांत हुकूम मागं. कांद्याचं बघ, २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के ड्युटी, डिसेंबरात सरळ बंदी, ती थेट मे २०२४ ला उठली. आता शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून शहरातले लोक आपल्याला टोमणे मारतात, पण बंदी घालून कांद्याचा भाव पाडला तर तो टॅक्स नव्हे तर काय? त्याची पावती मिळत नाही एवढंच. जोशी त्याला उणे सबसिडी म्हणायचे.

हे सगळं मान्य करून आता माझं ऐक.

त्या झोनबंदीच्या काळात लोकांना खरी भीती कुणाची होती? मंत्री मुंबईत, कलेक्टर सांगलीत. भीती होती कारखान्याच्या लोकांची, सोसायटीच्या निवडणुकीत विरोधात गेलास तर तोडचिठ्ठी (ऊस तोडायची कारखान्याची परवानगी) लांबायची, तोडणीची टोळी सगळ्या शिवारात फिरायची आणि तुझ्या फडाच्या बांधावरनं पुढं जायची, ऊसाला तुरा यायचा, वजन उतरायचं, आणि तू रोज सकाळी गटऑफिसात जाऊन उभा राहायचास. त्या कारखान्याच्या माणसाकडं ना पोलीस ना तुरुंग. तो सरकारही नव्हता, सभासदांचीच संस्था. पण त्याच्या दारात जावंच लागायचं, कारण दुसरं दार नव्हतं. माझं सगळं तत्त्वज्ञान म्हणशील तर एवढंच आहे, पटलं नाही तर मला उठून दुसरीकडं जाता येतं का. तू विचारतोस "हे सरकारी का खाजगी", मी ते नंतर विचारते.

तुझा तो अर्थशास्त्रवाला हायेक, १९४५ साली लिहून गेला म्हणतोस की सगळी माहिती एका ठिकाणी कुणाकडंच नसते आणि भाव ती माहिती इकडनं तिकडं नेतो, ते मला वाचायची गरजच पडली नाही, तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात येऊन उभा राहा. बॉक्स फोडून माल ओततात, व्यापारी मूठभर उचलतो, दाबतो, एक तोंडात टाकतो, हिरवा आहे का पिवळा, गोल का लांबट, काडी किती राहिलीय, आणि बोली बोलतो. त्या एका बोलीत रमजान कधी आहे, दिवाळीची खरेदी किती, अफगाणिस्तानचा माल किती उतरलाय, कोल्ड स्टोरेजात जुना किती पडलाय सगळं येतं. दिल्लीत बसून कुणी ठरवू शकणार नाही. द्राक्षाला हमीभाव नव्हता, झोन नव्हता, तरी बघ कुठल्या कुठं गेलं. तास-ए-गणेश ही जात आपल्या तालुक्यातल्या बोरगावच्या शेतकऱ्यानं थॉमसनच्या बागेतनं निवडून काढलेली, कुठल्या खात्यानं नाही.

पण त्याच सौद्याची दुसरी बाजू तुझ्या आजोबांना विचारायला पाहिजे होती. त्यांच्या वडलांच्या काळात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, हत्ता म्हणायचे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली कायतरी करणार आणि ज्याचा माल तो बाजूला पटका सावरत उभा. उघडा लिलाव, माप, वजनकाटा हे नियम कायद्यानं आले म्हणून बाजार बाजारासारखा झाला. मग तोच बाजार समितीचा १९६३ चा कायदा फुगत गेला, माल यार्डातच आणा, लायसनवाल्यालाच विका, आणि २०१६ ला फळं-भाजीपाला त्यातनं मोकळा करायची वेळ आली. म्हणजे एकाच कायद्यानं आधी रुमाल काढला आणि नंतर दार लावलं. तुझ्या पोस्टमध्ये यातला फक्त शेवटचा भाग असतो.

आणि पाणी. द्राक्षाचं एवढं कौतुक केलं पण ही बाग कशावर उभी आहे? ताकारी, म्हैसाळ, टेंभू. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं पंपांनी उचलून दुष्काळी पट्ट्यात आणलं, ते कुठल्या स्टार्टअपनं आणलं नाही, तुझ्या त्या "चोरीच्या" पैशानं आणलं. किती वर्षं रखडलं, खर्च किती फुगला, कुणाच्या घरात किती गेला ते तू बोल, मीही बोलेन. पण आणलं. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा कोयनेतनं किती सोडायचं आणि अलमट्टीतनं किती, हे बाजारभावानं ठरणार होतं का? हां, बोटी घेऊन पहिले धावले ते शेजारपाजारचेच, ते मी विसरत नाही.

आता टेक्नॉलॉजीचं, ज्याच्यावर तुझा जास्त विश्वास. तू म्हणतोस सरकारच्या हातात डेटा नको. बरोबर. पहिला आधार नंबर २०१० ला आपल्याच राज्यात दिला, नंदुरबारच्या टेंभलीत, तेव्हा सांगितलं ऐच्छिक आहे. आज रेशनला पाहिजे, अनुदानाला पाहिजे, आता शेतकऱ्याचा वेगळा आयडी. सुप्रीम कोर्टानं २०१७ ला खाजगीपण हा मूलभूत हक्क म्हटला, नऊच्या नऊ न्यायाधीशांनी, चांगलं झालं, पण २०२३ च्या डेटा कायद्यात सरकारनं स्वतःच्या खात्यांना सूट द्यायची सोय करून ठेवलीच. आपल्या शेडवर बेदाणा निवडायला येतात ना त्यातल्या एका मावशीचा अंगठा लागत नाही. आयुष्यभर डिपिंगच्या (द्राक्षं सुकवायच्या आधी बुडवतात त्या औषधाच्या) पाण्यात हात, रेषाच राहिल्या नाहीत. रेशन दुकानात मशीनवर अंगठा दाबते, लाल, परत दाबते, पदराला पुसून दाबते, लाल. दुकानदार तिला जन्मापासनं ओळखतो. गावातला प्रत्येक माणूस सांगेल ही कोण आहे, मशीन सांगत नाही.

नोटाबंदीत तू कॉलेजला होतास म्हणून आठवत असेल, ८ नोव्हेंबर २०१६, चलनातले ८६ टक्के पैसे एका रात्रीत कागद, आणि वर १४ तारखेपासनं जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई, जिथं आमच्यासारख्यांची खाती. म्हणून तू बिटकॉइन बिटकॉइन करतोस ते मला कळतं, २ कोटी १० लाखांच्या वर निघणारच नाहीत, कुणी रात्री आठला टीव्हीवर येऊन रद्द करणार नाही. तुझ्या पगारातनं घे की, नफ्यावर ३० टक्के टॅक्स भरून. पण बाजाराच्या दिवशी टोळीचा पगार मी त्यात दिला आणि संध्याकाळपर्यंत भाव पडला तर त्या बायका मला हायेक सांगणार नाहीत.

आणि आता तुझ्या कंपनीचं. तूच दाखवलंस गणपतीत, लॅपटॉपवर. शेतकऱ्याचा सातबारा, सॅटेलाईटचा फोटो, बँकेचे मेसेज, मोबाईल रिचार्ज कधी करतो, सगळं घालायचं आणि ॲप एक स्कोअर देतं, त्यावर कर्ज आणि खताचं उधार. फार भारी, मला खरंच कौतुक वाटलं, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या पाया पडायला नको. मग मी विचारलं एखाद्याचा स्कोअर कमी आला तर का आला हे त्याला दिसतं का, तर तू म्हणालास नाही, ते मॉडेल आहे, आम्हालाही नीट सांगता येत नाही. अरे, तोडचिठ्ठी का लांबली हेही कुणी सांगत नव्हतं! आणि उद्या तालुक्यातले सगळे खतवाले, बियाणंवाले, बेदाण्याचे व्यापारी त्याच स्कोअरवर चालायला लागले तर कमी स्कोअरवाल्यानं कुठं जायचं? तलाठ्याच्या दारात निदान बसता तरी येतं, अर्ज करता येतो, माहितीचा अधिकार टाकता येतो, नाहीच तर पाच वर्षांनी मत देता येतं. तुमच्या ॲपला दार कुठाय?

तू म्हणशील स्पर्धा आहे, दुसरं ॲप घेईल. घेईल की, पण त्याची चार वर्षांची परतफेड, पिकाची नोंद सगळी तुमच्याकडं. नवीन ठिकाणी तो परत शून्य. सातबारा तरी तलाठ्याच्या बापाचा नसतो, नक्कल मिळते.

म्हणून तुझ्याकडनं एकच माहिती पाहिजे. तुमच्या ॲपमध्ये शेतकऱ्याला आपलं सगळं रेकॉर्ड डाऊनलोड करून दुसऱ्याला देता येतं का, आणि मग खातं पुसून टाकता येतं का. कंपनीचं धोरण काय आहे ते नको सांगू, स्क्रीनवर बटण आहे का ते बघ. नसलं तर ते करायला किती काम आहे आणि कोण नको म्हणतंय तेही लिही. आणि लिहूनच पाठव, फोनवर तू गोल गोल बोलतोस.

तुझी,
आई