वैद्यांनी ‘एम’च्या जागी नुसते ‘एम ऑफ टी’ घातले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गणिती भौतिकशास्त्रज्ञ प्रा. प्रह्लाद चुनीलाल वैद्य (१९१८-२०१०) यांच्यावर टिपण आले. खादी, गांधीटोपी, कुलगुरू असतानाही सायकलवरून येणे-जाणे, हे सगळे त्यात आहे आणि ते खरेही आहे. मात्र ज्या कामामुळे सापेक्षतावादाच्या पुस्तकांत ‘वैद्य मेट्रिक’ (प्रकाश टाकणाऱ्या ताऱ्याभोवतालच्या अवकाश-काळाचे सूत्र) हे नाव कायमचे बसले, त्याच्या वाट्याला दोन वाक्ये आली आणि त्यातले दुसरे चुकले. श्वार्झशिल्डच्या सूत्रात ताऱ्याचे वस्तुमान ‘एम’ स्थिर होते, त्या जागी वैद्यांनी काळानुसार बदलणारे ‘एम(टी)’ घातले, असे टिपणकार सांगतात. ही समजूत बऱ्याच विद्यार्थ्यांचीही असते. काम एवढेच असते तर ते एका दुपारी उरकले असते, आणि उत्तर चुकले असते.

आइन्स्टाइनच्या समीकरणांचे श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये काढलेले उत्तर ताऱ्याभोवती पूर्ण पोकळी आहे असे धरते. खरा तारा प्रकाश टाकतो. प्रकाश म्हणजे ऊर्जा, म्हणून बाहेरची जागा पोकळ राहत नाही आणि ताऱ्याचे वस्तुमानही घटत जाते. सूर्याचे ते सेकंदाला सुमारे ४२ लाख टनांनी घटते. आकडा मोठा वाटला तरी १०० कोटी वर्षांत ही घट ०.००७ टक्क्यांच्या आसपासच भरते, त्यामुळे ग्रहांच्या कक्षांसाठी श्वार्झशिल्ड पुरतो. कोसळणाऱ्या ताऱ्याचे तसे नाही. अतिनवताऱ्याच्या स्फोटात गाभा सुमारे १० सेकंदांत न्यूट्रिनोंच्या रूपाने सूर्याच्या वस्तुमानाच्या १० टक्क्यांहून अधिक ऊर्जा बाहेर टाकतो. तिथे स्थिर ‘एम’ चालत नाही.

मग ‘एम(टी)’ का चालत नाही? नेहमीच्या टी-आर (काळ आणि केंद्रापासूनचे अंतर) निर्देशकांत गणित करून पाहावे. आइन्स्टाइनच्या समीकरणांत ऊर्जेची घनता देणाऱ्या घटकात ‘एम’चा फक्त ‘आर’नुसार घेतलेला अवकलज (बदलाचा दर) येतो. ‘एम’ केवळ ‘टी’वर अवलंबून असेल तर तो अवकलज शून्य, म्हणजे ऊर्जेची घनताही शून्य. टी-आर घटकात मात्र ‘एम’चा काळानुसार बदल शिल्लक राहतो, म्हणजे ऊर्जेचा प्रवाह आहे. ऊर्जा नाही पण ती वाहते आहे, असले हे उत्तर! शिवाय आडव्या दिशांना भलतेच ताण उगवतात, तेही ‘एम’च्या दुसऱ्या अवकलजासकट. सरळ बाहेर जाणाऱ्या प्रकाशात घनता आणि प्रवाह सारखे असावे लागतात आणि आडवा ताण मुळीच नसतो.

चूक भौतिकातली आहे. ‘एम(टी)’ म्हटले की वस्तुमान घटल्याची वर्दी सगळ्या अवकाशात एकाच क्षणी लागते. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ५०० सेकंद घेतो, तेव्हा पृथ्वीपाशी ‘एम’ची किंमत ५०० सेकंदांपूर्वीची हवी. वैद्यांनी १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मधल्या लहानशा लेखात ‘एम’ हे टी आणि आर दोन्हींवर अवलंबून ठेवले आणि अट घातली की बाहेर जाणाऱ्या किरणाबरोबर चालत गेले तर ‘एम’ बदलता कामा नये. सगळी मेख या अटीत आहे. १९५१ मध्ये सविस्तर लेख आला. आज पुस्तकांत दिसते ती सुटसुटीत मांडणी त्यांनीच १९५३ मध्ये ‘नेचर’मध्ये दिली. तीत ‘टी’ऐवजी ‘यू’ हा निर्देशक येतो, किरण ताऱ्यापासून केव्हा निघाला हे सांगणारा. एका किरणावर ‘यू’ कायम राहतो, म्हणून ‘एम(यू)’ लिहिले की अट आपोआप पाळली जाते.

पदव्युत्तर वर्गातल्या कोणालाही हे हाताने करता येते. आधी श्वार्झशिल्ड यू-आर रूपात लिहावा, मगच ‘एम’च्या जागी ‘एम(यू)’ घालावे. क्रम उलटला की वरचा घोटाळा परत येतो. विद्यार्थी अडतात ते मेट्रिकची व्यस्त सारणी काढताना. कर्णावरच्या घटकांचे नुसते व्युत्क्रम घ्यायची सवय लागलेली असते आणि इथे आर-आर खान्यात शून्य आहे. यू-आरचा २ बाय २ तुकडा एकत्र उलटवावा, म्हणजे व्यस्त सारणीत शून्य यू-यू खान्यात जाते आणि १ उणे २एम/आर हे आर-आर खान्यात येते. शेवटी रिचीचा (अवकाश-काळाची वक्रता सांगणाऱ्या सारणीचा) एकच घटक उरतो, यू-यू: उणे २ गुणिले ‘एम’च्या बदलाचा दर, भागिले आरचा वर्ग. ऊर्जा धन हवी असेल तर ‘एम’ घटलेच पाहिजे, आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा ओळखीचा नियमही न मागता हाती येतो. जुने लेख शेजारी ठेवून ताळा पाहणाऱ्यांनी चिन्हांकडे लक्ष द्यावे. तिथे काळाचे पद धन आणि अवकाशाची ऋण आहेत, आजच्या बहुतेक पुस्तकांत उलटे. हातावर भरवसा नसेल तर मॅक्झिमा किंवा सेजमॅथ ही गणिती संगणकप्रणाली फुकट मिळते.

ताऱ्याचा आतला भाग वैद्यांच्या या उत्तराला जोडताना आणखी एक सवय मोडावी लागते. पृष्ठभागावर दाब शून्य, हे प्रारण न टाकणाऱ्या ताऱ्यासाठी ठीक. उष्णता बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याच्या सीमेवर दाब हा बाहेर जाणाऱ्या उष्णतेच्या प्रवाहाइतका असतो. हे सान्तोस यांनी १९८५ मध्ये दाखवले.

टिपणात दुसरी उणीव आहे ती पुण्याच्या वाचकाला अधिक खटकेल. वैद्य १९४२ मध्ये बनारसला गेले ते प्रा. विष्णू वासुदेव नारळीकरांकडे, आणि तिथल्या वर्षभराहूनही कमी मुक्कामात हे उत्तर निघाले. नारळीकरांचे नाव टिपणात नाही. कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिजचे रँग्लर (तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले), १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. उत्तरायुष्यात ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक होते आणि १९९१ मध्ये पुण्यातच वारले. त्यांची ओळख अलीकडे ‘जयंतरावांचे वडील’ एवढीच उरली आहे.

बनारसनंतर वैद्य गुजरातेतल्या महाविद्यालयांत शिकवत राहिले, मधला काही काळ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. १९४९ ची, म्हणजे मुख्य शोधानंतर सहा वर्षांनी. १९६३ मध्ये क्वेसार ओळखले गेले, प्रचंड ऊर्जा टाकणाऱ्या वस्तूंचे गणित हवेसे झाले. १९६५ मध्ये लिंडक्विस्ट, श्वार्ट्झ आणि मिस्नर यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’त वैद्यांच्या उत्तराचा अभ्यास त्यांच्या नावानिशी छापला. तोवर वैद्य गुजरात गणित मंडळ आणि ‘सुगणितम्’ या गणिताच्या नियतकालिकात गुंतले होते. टिपणकारांनी ‘उपेक्षा’ हा शब्द वापरला आहे. त्यापेक्षा साधे कारण आहे: वीस वर्षे या उत्तराची कोणाला गरजच पडली नव्हती.

हे टिपण आपल्या संकेतस्थळावर अजून आहे. तिथे ‘एम(टी)’ खोडून ‘एम(यू)’ करावे, ‘यू’ म्हणजे काय हे एका ओळीत सांगावे आणि वि. वा. नारळीकरांचे नाव घालावे, ही विनंती.

आपले,
उपयोजित गणिताचे काही अध्यापक,
औंध, पुणे